वॉरस्पाइटची खरी कमाई

ब्रिटिश आरमारात पराक्रमाची नोंद ठेवण्याची एक जुनी रीत आहे. एखादी नौका ज्या लढाईत किंवा मोहिमेत लढली, तिचे नाव युद्धसन्मान म्हणून त्या नौकेच्या खात्यावर चढते. एचएमएस वॉरस्पाइट या बॅटलशिपच्या खात्यावर असे १५ सन्मान आहेत. पहिला १९१६ सालच्या जटलंडच्या लढाईचा, बाकीचे चौदा दुसऱ्या महायुद्धातले. ब्रिटनच्या दुसऱ्या कोणत्याही बॅटलशिपच्या वाट्याला इतके सन्मान आले नाहीत. पण ही यादी नुसती मोजण्याऐवजी नीट वाचली, तर एक कोडे समोर येते. बॅटलशिप हा प्रकार जन्माला आला तो शत्रूच्या बॅटलशिपशी झुंजण्यासाठी. जाड चिलखत, प्रचंड तोफा, हजाराहून अधिक खलाशी, अफाट खर्च, हे सगळे त्या एका झुंजीसाठी होते. वॉरस्पाइटच्या १५ सन्मानांपैकी अशी झुंज फक्त दोनदा झाली, जटलंडला आणि १९४० साली कॅलाब्रियाजवळ. या दोन्ही वेळी तिने शत्रूची एकही बॅटलशिप बुडवली नाही. पुढेही कधी बुडवली नाही. मग सर्वाधिक सन्मान मिळवणाऱ्या या नौकेने नेमके कमावले काय? या प्रकरणात मांडायचे आहे ते असे: दुसऱ्या महायुद्धात वॉरस्पाइटचा उपयोग झाला तो विमानांच्या जोडीने. ज्या दिवशी आकाश तिच्या बाजूचे होते त्या दिवशी तिने मोठी कामगिरी केली. ज्या दिवशी ते शत्रूचे होते त्या दिवशी ती गोदीच्या वाटेला लागली. तिची कारकीर्द बॅटलशिपची थोरवी सांगते असे मानले जाते. प्रत्यक्षात त्या थोरवीची हद्द कुठे संपते हेच तिच्यातून दिसते.

वॉरस्पाइटची बांधणी १९१२ च्या ऑक्टोबरात डेव्हनपोर्टच्या सरकारी गोदीत सुरू झाली आणि १९१५ साली ती आरमारात दाखल झाली. क्वीन एलिझाबेथ वर्गातल्या पाच नौकांपैकी ही एक. या वर्गात दोन धाडसी निर्णय एकत्र आले होते. पहिला, १५ इंची तोफांचा: प्रत्येक नौकेवर आठ तोफा, आणि प्रत्येक गोळा सुमारे ८७० किलो वजनाचा. दुसरा, कोळशाऐवजी केवळ खनिज तेलावर चालण्याचा. तेलामुळे २४ नॉटच्या आसपास वेग मिळाला; पण ब्रिटनकडे कोळसा मुबलक होता आणि तेल नव्हते, म्हणून सरकारने १९१४ साली अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत मोठा हिस्सा विकत घेतला. या नौकेची पहिली परीक्षा ३१ मे १९१६ रोजी जटलंडला झाली. लढाई ऐन भरात असताना वॉरस्पाइटचे सुकाणू अडकले आणि ती जर्मन ताफ्यासमोर गोल फिरू लागली. त्या दिवशी तिच्यावर १५ जड गोळे बसले. तिच्याकडे वळलेल्या माऱ्यामुळे शेजारची जायबंदी क्रूझर वॉरियर निसटली आणि तिच्या खलाशांना नंतर सुखरूप उतरवून घेता आले. तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर त्याच दिवशी स्फोट होऊन नष्ट झाल्या होत्या. वॉरस्पाइट मात्र १४ माणसे गमावून स्वतःच्या यंत्रांच्या बळावर रोसाइथला परतली. तोफेविरुद्ध चिलखत हा जुना हिशेब तिने चोख पार पाडला होता. हा मुद्दा मुद्दाम नोंदवून ठेवायला हवा, कारण पुढच्या युद्धात हिशेबाचे आकडेच बदलले.

दोन युद्धांच्या मधल्या काळात १९२२ च्या वॉशिंग्टन करारामुळे आणि १९३० च्या लंडन करारामुळे नव्या बॅटलशिप बांधण्यावर बंधने होती. तेव्हा जुन्याच नौका सुधारून घेणे हा मार्ग उरला. १९३४ ते १९३७ या काळात पोर्टस्मथच्या गोदीत वॉरस्पाइटचा जवळजवळ पुनर्जन्म झाला. नवी इंजिने, नवे बॉयलर, डेकवर वाढीव चिलखत, विमानासाठी कॅटपल्ट आणि हँगर. आणि तोफांचे तोंड पूर्वीच्या २० अंशांऐवजी ३० अंशांपर्यंत उचलता येईल अशी सोय. त्यामुळे पल्ला २९ किलोमीटरच्या घरात गेला. खर्च २० लाख पौंडांच्या पुढे. हा पैसा विमानवाहू नौकांवर घातला असता तर अधिक बरे झाले नसते का, असा आक्षेप आज सहज घेता येतो. पण १९३४ साली निर्णय घेणाऱ्यांसमोर समुद्रावर लढणारी विमाने होती ती संथ, दोन पंखी, थोडे वजन उचलणारी. शिवाय जर्मनी, इटली आणि जपान हे तिघेही बॅटलशिप बांधत किंवा सुधारत होते. त्यांच्यासमोर जुन्या नौका जशाच्या तशा उभ्या करणे परवडणारे नव्हते. त्या काळच्या माहितीवर हा निर्णय समजण्यासारखा आहे. आणि गंमत अशी की, या खर्चातला सगळ्यात स्वस्त भाग, म्हणजे डेकवरचे ते छोटे विमान, पहिल्याच मोठ्या कामगिरीत सगळ्यात मोलाचा ठरला.

ती कामगिरी नॉर्वेतल्या नार्विकची. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने दहा विनाशिकांतून सैन्य आणून हे बंदर काबीज केले. स्वीडनचे लोहखनिज इथून समुद्रमार्गे जात असे. १० एप्रिलच्या पहिल्या चकमकीत दोन जर्मन विनाशिका बुडाल्या. उरलेल्या आठ फियोर्डच्या आत अडकल्या. १३ एप्रिलला व्हाइस ॲडमिरल व्हिटवर्थ वॉरस्पाइट आणि नऊ विनाशिका घेऊन आत शिरले. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, अरुंद पाणी, कुठल्याही वळणामागे पाणतीर घेऊन दबा धरून बसलेला शत्रू. ३० हजार टनांहून अवजड नौकेने अशा ठिकाणी जाणे हे आरमारी शहाणपणाच्या सगळ्या नियमांविरुद्ध होते. तिचा बचाव केला तो तिच्याच कॅटपल्टवरून उडालेल्या एका स्वोर्डफिश विमानाने. आडवळणाला दडून बसलेल्या विनाशिकेची खबर त्याने आधीच दिली, आणि वाटेत यू-६४ ही पाणबुडी बॉम्ब टाकून बुडवली. दिवस संपेपर्यंत आठही जर्मन विनाशिका बुडाल्या होत्या किंवा दारूगोळा संपल्यावर खलाशांनी स्वतःच किनाऱ्याला लावून सोडून दिल्या होत्या. जर्मनीने आपल्या एकूण विनाशिकांपैकी निम्म्या चार दिवसांत गमावल्या, आणि त्याच वर्षी ब्रिटनवर चढाईचा बेत आखताना ही उणीव त्यांना जाणवल्याशिवाय राहिली नाही. तोफा वॉरस्पाइटच्या होत्या, डोळे विमानाचे.

या मांडणीवर सगळ्यात वजनदार आक्षेप कॅलाब्रियाच्या लढाईचा दाखला देऊन घेता येतो. ९ जुलै १९४० रोजी ॲडमिरल अँड्र्यू कनिंगहॅम यांचे निशाण वॉरस्पाइटवर होते. तिने जुलिओ चेझारे या इटालियन बॅटलशिपवर सुमारे २४ किलोमीटरवरून नेम साधला. चालत्या नौकेवरून चालत्या नौकेवर बसलेल्या सर्वाधिक लांब पल्ल्याच्या गोळ्यांत त्याची गणना होते. चेझारेचे चार बॉयलर बंद पडले, तिचा वेग घसरला आणि इटालियन ताफा धुराचा पडदा टाकून मागे फिरला. सोबतच्या मलाया या भगिनी नौकेची अशी सुधारणा झालेली नव्हती. तिचे गोळे अलीकडेच पडले. म्हणजे १९३४ चा खर्च इथे फळाला आला, आणि तोही तोफांच्याच जोरावर, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, पण पुढचा हिशेब पाहावा. चेझारे काही आठवड्यांत दुरुस्त होऊन परत आली. इटालियन ताफा शाबूत राहिला. त्याच इटालियन आरमाराची कंबर मोडली ती ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री, तारांतो बंदरात. इलस्ट्रियस या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या २१ स्वोर्डफिश विमानांनी नांगरून पडलेल्या तीन बॅटलशिप निकामी केल्या. त्यांपैकी कावूर पुन्हा कधी सेवेत आली नाही. ब्रिटिशांचे नुकसान झाले दोन विमानांचे. वॉरस्पाइटच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम नेमाची आणि त्या एका रात्रीची तुलना केली, तर बॅटलशिप निकामी करण्याचे काम आता कोणाकडे गेले होते याबद्दल शंका उरत नाही.

मार्च १९४१ मधली मटापानची लढाई बहुतेक पुस्तकांत बॅटलशिपांचा विजय म्हणून येते. वॉरस्पाइट, व्हॅलियंट आणि बारहॅम यांनी रात्रीच्या अंधारात साडेतीन किलोमीटरच्या आसपास अंतरावरून झारा आणि फ्यूमे या दोन जड क्रूझर काही मिनिटांत उद्ध्वस्त केल्या. १५ इंची तोफांसाठी हे अंतर म्हणजे तोंडाला तोंड. सोबत पोला ही तिसरी क्रूझर आणि दोन विनाशिकाही गेल्या; दोन हजारांहून अधिक इटालियन खलाशी मरण पावले. ब्रिटिशांचे एक विमान आणि त्यातली तीन माणसे गेली. पण ही भेट घडलीच कशी? इटालियन ताफा बाहेर पडणार ही खबर ब्लेचली पार्कमधल्या संकेतभेदकांनी दिली. दिवसा फॉर्मिडेबल या विमानवाहू नौकेच्या विमानांनी व्हितोरिओ व्हेनेतो या बॅटलशिपला पाणतीर मारून तिची गती मंदावली. संध्याकाळी आणखी एका पाणतीराने पोला जागीच थांबली. तिच्या मदतीला झारा आणि फ्यूमे परत फिरल्या, आणि ब्रिटिश बॅटलशिपांच्या पुढ्यात आल्या. काळोखात पोलाचा ठाव रडारने लागला. इटालियन नौकांवर रडार नव्हते, आणि रात्री मोठ्या तोफा चालवण्याची तयारीही नव्हती. त्या रात्रीच्या तोफांचे श्रेय कोणी नाकारू नये. मात्र शत्रूला थांबवून त्या तोफांसमोर आणले ते विमानांनी. आणि जिचा पाठलाग चालला होता ती व्हितोरिओ व्हेनेतो पाणतीर खाऊनही निसटली. बॅटलशिपने बॅटलशिपला गाठावे ही जुनी कल्पना याही वेळी कागदावरच राहिली.

आता नाण्याची दुसरी बाजू. दोनच महिन्यांनी, २२ मे १९४१ रोजी, क्रीटच्या लढाईत ब्रिटिश ताफ्याला हवाई संरक्षण जवळजवळ नव्हते. फॉर्मिडेबलकडे पुरेशी लढाऊ विमाने उरली नव्हती आणि ती त्या दिवशी ताफ्यासोबत नव्हती. त्या एका दिवसात ग्लॉस्टर आणि फिजी या क्रूझर आणि ग्रेहाउंड ही विनाशिका हवाई हल्ल्यांत बुडाल्या. वॉरस्पाइटवर एक बॉम्ब पडला. तिच्या उजव्या बाजूच्या लहान तोफा उद्ध्वस्त झाल्या, डझनावारी खलाशी गेले, आणि तिला दुरुस्तीसाठी भूमध्य समुद्र सोडून अर्ध्या जगाचा प्रवास करत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रेमर्टनला जावे लागले. अमेरिका तेव्हा अजून युद्धात उतरली नव्हती. १९४१ चा उत्तरार्ध तिने तिथल्या गोदीत काढला. त्याच डिसेंबरात जपानी विमानांनी मलायाजवळच्या समुद्रात प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या दोन्ही ब्रिटिश नौका काही तासांत बुडवल्या. त्यांच्यावरही विमानांचे छत्र नव्हते. १९४२ च्या सुरुवातीला वॉरस्पाइट ॲडमिरल जेम्स सॉमरव्हिल यांची ध्वजनौका म्हणून हिंदी महासागरात आली. एप्रिलमध्ये जपानच्या पाच विमानवाहू नौकांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले, हर्मिस ही विमानवाहू नौका आणि कॉर्नवॉल व डॉर्सेटशर या क्रूझर बुडवल्या. सॉमरव्हिल यांच्याकडे पाच बॅटलशिप होत्या. त्यांनी दिवसाची लढाई टाळली, रात्री रडारच्या आधाराने गाठ पडली तरच हल्ला करायचा असे ठरवले, आणि तशी संधी आली नाही. अखेर संथ बॅटलशिप पूर्व आफ्रिकेकडे गेल्या आणि वॉरस्पाइटसह वेगवान तुकडी मुंबई बंदरात आली. पाच बॅटलशिपांचा सेनापती शत्रूच्या विमानवाहू नौकांपुढे माघार घेतो, आणि तो शहाणपणाचा निर्णय ठरतो, यात युद्धाचे बदललेले व्याकरण स्पष्ट दिसते.

सर्वात बोलका पुरावा १९४३ चा. ९ सप्टेंबरला शरण येण्यासाठी निघालेल्या इटालियन ताफ्यावर जर्मन विमानांनी फ्रिट्झ-एक्स नावाचे नवे अस्त्र टाकले. सुमारे १४०० किलोचा हा बॉम्ब विमानातून रेडिओने दिशा देता येईल असा होता. रोमा ही नवीकोरी बॅटलशिप हजाराहून अधिक माणसांसह बुडाली. उरलेल्या ताफ्याला वॉरस्पाइट आणि व्हॅलियंट यांनी माल्टापर्यंत सोबत केली. जटलंडला जर्मन ताफ्याशी लढलेल्या या दोन्ही नौकांना हा मान शोभणारा होता. आठवड्याभरात वॉरस्पाइट सालेर्नोच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्याच्या मदतीला गेली, आणि १६ सप्टेंबरला तिच्यावरही फ्रिट्झ-एक्सचा मारा झाला. एक बॉम्ब थेट बसला. सगळे डेक भेदत तो बॉयलर रूमपर्यंत पोचला आणि तिथे फुटला. हजारो टन पाणी आत शिरले, वीज गेली, इंजिने थांबली. मृतांचा आकडा नऊवर थांबला हे नशीब. पण नौका अमेरिकन टगबोटींनी ओढत माल्टाला न्यावी लागली. जटलंड आणि सालेर्नो शेजारी ठेवून पाहा. १९१६ साली १५ जड गोळे खाऊन ती स्वतःच्या बळावर घरी आली. १९४३ साली मूठभर वैमानिकांच्या एका विमानाने टाकलेला एक बॉम्ब तिला निश्चल करायला पुरला. मधल्या काळात तिचे चिलखत वाढलेच होते. वाढलेले चिलखत अपुरे पडावे इतका फरक हल्ल्याच्या दिशेत आणि साधनात झाला होता.

यावर दुसरा आक्षेप येतो तो नॉर्मंडीचा. बॅटलशिप जर कालबाह्य झाल्या होत्या, तर ६ जून १९४४ रोजी दोस्तांनी त्या का जमवल्या? वॉरस्पाइट तोवर अर्धवटच दुरुस्त झाली होती. फुटलेली बॉयलर रूम काँक्रीटने बंद केलेली, चारपैकी एक टरेट निकामी, म्हणजे आठपैकी सहाच तोफा चालू. तरीही त्या पहाटे स्वोर्ड किनाऱ्यासमोर तिने व्हिलरव्हिलच्या जर्मन तोफखान्यावर गोळाफेक सुरू केली आणि पुढचे कित्येक दिवस चालू ठेवली. नळ्या झिजून त्या बदलायला उत्तरेकडे जाताना १३ जूनला तिच्याजवळ पाणसुरुंग फुटला. तरी ती ऑगस्टात ब्रेस्टवर आणि सप्टेंबरात ल हाव्रवर तोफा डागायला परत आली. आरमारी तोफांचा धाक जर्मन सेनापतींनी आपल्या अहवालांत नोंदवला आहे. तेव्हा या कामगिरीचे मोल खरेच मोठे आहे. मात्र ते कोणत्या अटींवर मिळाले हे विसरून चालणार नाही. नॉर्मंडीच्या आकाशात जर्मन विमाने फार थोडी होती, म्हणूनच ही जखमी नौका तिथे उभी राहू शकली. तिचे गोळे कुठे पडतात हे इंग्लंडहून उडणारी टेहळणी विमाने सांगत होती. ही अट सुटली की काय होते हे १ नोव्हेंबर १९४४ रोजी वाल्चेरेनला दिसले. अँटवर्प बंदर दोस्तांच्या हाती आले होते, पण समुद्राकडून तिथे जाणारी वाट या बेटावरच्या जर्मन तोफांनी रोखली होती. वॉरस्पाइट आणि दोन मॉनिटर नौकांनी मारा केला. इंग्लंडात धुके असल्याने टेहळणीची विमाने उडालीच नाहीत. गोळे शेकड्यांनी गेले, तरी काँक्रीटमधल्या बहुतेक तोफा चालूच राहिल्या आणि किनाऱ्याजवळ जाणाऱ्या लहान नौकांनी त्याची जबर किंमत मोजली. बेट जिंकले ते अखेर उतरलेल्या सैनिकांनी. वॉरस्पाइटची ही शेवटची लढाई होती.

तिसरा आक्षेप नशिबाचा. तिची भगिनी बारहॅम नोव्हेंबर १९४१ मध्ये पाणबुडीच्या पाणतीरांनी काही मिनिटांत स्फोट होऊन बुडाली, आठशेहून अधिक माणसे गेली. पुढच्याच महिन्यात अलेक्झांड्रिया बंदरात एका इटालियन पाणबुडीने सोडलेल्या पाणबुड्या सैनिकांनी क्वीन एलिझाबेथ आणि व्हॅलियंट यांच्या तळाशी सुरुंग लावले. वॉरस्पाइट त्या वेळी ब्रेमर्टनला होती, म्हणून वाचली. अशा नौकेच्या कारकिर्दीवरून सगळ्या बॅटलशिपांबद्दल निष्कर्ष काढणे रास्त आहे का? आक्षेपात तथ्य आहे. तिचे टिकून राहणे हा बराचसा योगायोग होता. पण तो निष्कर्षाला बाधा आणत नाही, उलट बळ देतो. दुसऱ्या महायुद्धात ज्या संकटांतून ती वाचली त्यांपैकी एकही संकट शत्रूच्या बॅटलशिपने आणलेले नव्हते: विमान, पाणबुडी, सुरुंग, पाण्याखालून येणारे सैनिक. भगिनींचा घातही याच साधनांनी केला. आणखी एक युक्तिवाद असा की, बॅटलशिप नुसती बंदरात असली तरी शत्रूला अडकवून ठेवते. जर्मनीच्या टिर्पिट्झने नॉर्वेत बसून ब्रिटिश आरमाराला जखडून ठेवले होते. हे खरे, पण टिर्पिट्झचाही शेवट १९४४ च्या नोव्हेंबरात लँकास्टर विमानांच्या बॉम्बनी झाला. दहशत होती तोवर होती. ती संपवण्याचे साधन आकाशातून आले.

म्हणून वॉरस्पाइटच्या १५ सन्मानांकडे पाहताना दोन टोके टाळावीत. तिला अजिंक्य वीरांगना म्हणणे पुराव्याला सोडून आहे, आणि तिच्यावरचा खर्च वाया गेला म्हणणे नार्विक, मटापान आणि नॉर्मंडीत लढलेल्यांवर अन्याय आहे. ज्या कामासाठी ती बांधली होती ते तिच्या हातून जवळजवळ घडले नाही. जे काम कोणी योजले नव्हते ते तिने उत्तम केले. विमानाने शत्रू शोधून द्यावा, आकाश राखावे, नेम दुरुस्त करावा, आणि मग तिने ८७० किलोचा गोळा हव्या त्या ठिकाणी पोचवावा, ही ती कामाची विभागणी. समुद्राची राणी म्हणून बांधलेली नौका या विभागणीत एक फार ताकदवान पण पूर्णपणे परावलंबी तोफखाना झाली. युद्धानंतर ब्रिटिश आरमारानेही हाच निवाडा दिला. वॉरस्पाइट १९४७ साली मोडीत जाण्यासाठी ओढून नेली जात असताना वादळात सुटून कॉर्नवॉलच्या खडकांवर आदळली आणि पुढे त्याच किनाऱ्यावर तुकड्या-तुकड्यांनी तोडली गेली. ब्रिटनची शेवटची बॅटलशिप व्हॅनगार्ड १९४६ साली पूर्ण झाली. तिच्यावर पहिल्या महायुद्धाच्या काळात बनलेल्या १५ इंची तोफा होत्या. त्या तोफा तिने कोणत्याही युद्धात डागल्या नाहीत, आणि १९६० साली ती भंगारात गेल्यानंतर ब्रिटिश आरमारात एकही बॅटलशिप उरली नाही.